माळकरी माणसाचं लाल नाक

'रामकृष्ण हरी, डॉक्टर ताई. मी गंगाखेड तालुक्यातला, वय ४७, लग्नकार्याचा आचारी. २२ वर्षांपासून गळ्यात माळ आहे. दारूचा थेंब कधी घेतला नाही, कंदुरीच्या (बोकडाच्या जेवणाच्या) कामाची सुपारीसुद्धा घेत नाही. पाच-सहा वर्षं झाली, दोन्ही गाल आणि नाक लाल होतंय. भट्टीपुढं उभं राहिलं की आग होते, बारीक पुटकुळ्या येतात, आता नाकही जाड दिसायलंय. डोळ्यांत कचकच असते, ती धुरामुळं म्हणून सोडून दिली. कोणी पित्त म्हणतं, कोणी उष्णता. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, चार दिवसांत फरक पडला, म्हणून तीन वर्षं तीच लावतो. आता एक दिवस चुकली तरी तोंड पेटतं. बीपीची गोळी चालू आहे. एकादशीला मी काम घेत नाही, त्या दिवशी मात्र चेहरा शांत असतो. मागच्या महिन्यात मुलीला बघायला पाहुणे आले होते. जाताना त्यांनी मध्यस्थाला विचारलं, मुलीचे वडील घेतात का? ते लई जिव्हारी लागलं. हे कशानं बरं होईल? तिखट सोडू का? वारीला जाऊ का? आणि मुलीच्या लग्नाची बुंदी मीच पाडणार आहे, ते जमेल का?'

रामकृष्ण हरी, माऊली.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य एकादशीचं आहे. तुम्ही ते उपवासाच्या खात्यावर मांडलंय. मांडा, माझी ना नाही. पण त्या दिवशी तुम्ही भट्टीपुढे नसता, मिरचीचा खकाणा तोंडावर येत नाही, उभ्या-उभ्या उकळता चहा घशाखाली जात नाही आणि भर दुपारी मांडवाच्या पत्र्याखाली धावपळ नसते. महिन्यातून दोनदा तुमचा चेहरा तुम्हाला सांगतोय की त्याला काय सोसत नाही.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्या खुणा मला एकाच आजाराकडे नेतात. त्याचं नाव रोझेशिया. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळ इथल्या त्वचेचा हा जुनाट दाह आहे. आधी लाली येते आणि जाते. पुढे ती मुक्कामाला राहते, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात. मुरुमांसारखंच दिसतं, पण मुरुमांत ब्लॅकहेड असतात, इथे नसतात. बहुतेकांना हा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, पण नाक जाड होण्याचा प्रकार पुरुषांच्या वाट्याला जास्त येतो. पत्रावरून मी शिक्का मारणार नाही, तो डोळ्यांनी बघूनच मारायचा असतो.

हा आजार आपल्याकडे ओळखला जात नाही, याचं एक साधं कारण आहे. तो गोऱ्या युरोपीय लोकांचा मानला गेला आणि पुस्तकांतले फोटोही तसेच छापले गेले. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर लाली लाल दिसतच नाही, तांबूस-काळपट दिसते. मग लोक म्हणतात, उन्हानं रापलाय. आग होते, चुणचुण होते, साधं खोबरेल लावलं तरी झोंबतं, हे मात्र रंग कुठलाही असो, सारखंच. घरी एक करून बघा. स्वच्छ काचेचा पेला गालावर हलकेच दाबा आणि आरशात काचेतून बघा. दाबल्यावर तिथला तांबूसपणा ओसरला आणि पेला काढताच परत आला, तर ती रक्तवाहिन्यांची लाली आहे, रापणं नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोचा मात्र काही उपयोग झाला नाही, कारण तुमच्या मोबाइलने तुम्हाला आपण होऊन गोरंपान करून टाकलंय. डॉक्टरांना दाखवायला फोटो काढायचा असेल तर खिडकीशी उभं राहून, मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. भट्टीवरून उठल्या-उठल्या एक आणि एकादशीच्या सकाळी एक.

आता दारूचं. ज्याला रोझेशिया आहे त्याने दारू घेतली तर लाली भडकते, एवढंच खरं. जन्मात थेंब न घेतलेल्यांनाही हा आजार होतो, आणि नाक जाड होणं हीसुद्धा दारूची पावती नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही सांगून ठेवते. तुम्ही पंगतीचं रांधता, उद्या कोणीतरी त्यावरून कुजबुजणारच. प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात. रोझेशियात ते जास्त सापडतात, पण ते तुमच्या हातून कुणाच्या ताटात जात नाहीत.

यानंतरची गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण माझ्या मते तुमचं निम्मं दुखणं भट्टीचं नसून त्या ट्यूबचं आहे.

ट्यूबचं खोकं शोधा आणि त्यावरची बारीक अक्षरं नातवंडा-पुतण्याकडून वाचून घ्या. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'टासोल' असेल, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही, तर ते स्टिरॉइड आहे. खाज, गजकर्ण, वांग, काळे डाग, गोरेपणा, सगळ्यावर ही एकच ट्यूब आपल्याकडे खपते. लावली की रक्तवाहिन्या आकसतात, लाली दबते, चार दिवसांत माणूस खूश. पण चेहऱ्याची त्वचा पातळ असते. महिनोन्‌महिने लावल्यावर ती आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि तिला त्या औषधाची सवय लागते. एक दिवस चुकली तरी तोंड पेटतं, असं तुम्ही लिहिलंय ना, ती हीच सवय. ज्याला रोझेशिया नव्हता त्यालाही अशा ट्यूबने तसाच चेहरा येतो, आणि ज्याला होता त्याचा दुप्पट होतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, अशा यादीत घातली. कागदावर. (मेडिकलवाल्यावर चिडू नका. तो तुम्हाला बरं वाटावं म्हणूनच देतो, आणि आपणही डॉक्टरांची फी वाचवायला त्याच्याकडे जातो.)

तरीही उद्या सकाळपासून ती बंद करा, असं मी इथे बसून सांगणार नाही. तीन वर्षांची सवय एकदम तोडली की भडका उडतो. तोंड सुजतं, रसरसतं, झोप लागत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस घाबरून पुन्हा ट्यूबकडे वळतो. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने सोडवतात किंवा बंद करताना दुसऱ्या औषधांचा आधार देतात. भडका काही आठवडे टिकतो, कधी काही महिनेही. त्याची तयारी ठेवून उतरलात तर निभावेल.

इथे तुमचा धंदा तुमच्या मदतीला येतो. आषाढीनंतर चातुर्मासात मुहूर्त नसतात, तुळशीचं लग्न लागेपर्यंत मोठ्या भट्ट्या थंड असतात. रोझेशियाच्या औषधांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे चार महिने तुमच्या हातात आहेत, आणि ते कोणी कापून घेत नाही. पण डॉक्टरांकडे आत्ताच जा, चातुर्मासाची वाट बघू नका. ते म्हणाले लगेच सोडवायची, तर लगेच. गंगाखेडहून परळीमार्गे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं आहे. बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपर काढा आणि त्वचारोगच सांगा. नुसतं 'उष्णता झालीय' म्हणालात तर भलत्याच रांगेत उभं करतील.

तिथे ते आणखी एक-दोन गोष्टी तपासतील. सांधे दुखतात का, तोंडात फोड येतात का, केस गळतात का, असं विचारलं तर गोंधळू नका. ल्यूपस नावाच्या आजारातही गालांवर लाली येते, म्हणून ते प्रश्न असतात. त्वचेवर कुठे बधिर चट्टा असेल तर तो न विचारताही दाखवा.

औषधांची नावं तुम्हाला माहीत असावीत म्हणून लिहिते, विकत आणायला नाही. लावायला मेट्रोनिडॅझोल, ॲझेलिक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन. (त्या 'झोल'ला घाबरू नका, तो 'टासोल' नव्हे.) पुटकुळ्या जास्त असतील तर पोटात डॉक्सिसायक्लिन. हे खरं तर अँटिबायोटिक, पण इथे ते कमी मात्रेत दाह उतरवायला देतात. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. त्याने ऊनही जास्त बाधतं, हे लक्षात ठेवा. दिसणाऱ्या रक्तवाहिन्या क्रीमने जात नाहीत, त्यांना लेझर लागतं, आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर लेझरचा जोर बेतात ठेवला नाही तर काळे डाग उरतात. नाकाचं जाडपण सुरुवातीचं असेल तर पोटातल्या औषधाने थोपवता येतं. फार वाढलं तर शस्त्रक्रियेने किंवा लेझरने तासून आकारात आणतात. तुमचं अजून त्या थराला गेलेलं नसावं.

तुमच्यासारखा एखादा जण हमखास विचारतो की मग बघण्याच्या कार्यक्रमापुरतं काही लावता येत नाही का? येतं. ब्रिमोनिडीन नावाची जेल आहे, अर्ध्या तासात लाली ओसरते, काही तास टिकते. पण काहींना ती उतरल्यावर आधीपेक्षा जास्त लाल होतं. तुमचं बीपीही आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि पहिला प्रयोग पाहुणे येणार त्याच दिवशी तर मुळीच नाही.

बीपीवरून आठवलं. गोळी कुठली, ते लिहिलं नाहीत. अम्लोडिपिन असेल तर काही जणांना त्याने तोंडावर गरम झळ येते. गोळी बंद करू नका, अर्धी करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा, बदलण्यासारखी असेल तर तेच बदलतील. लाल नाकापेक्षा वाढलेलं बीपी कितीतरी वाईट.

तिखटाचा प्रश्न तुम्हाला आवडेल, कारण त्याच्या मुळाशी गेलेल्या माणसाला नोबेल मिळालंय. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी मिरचीतल्या कॅप्सायसिनचा माग काढला आणि मज्जातंतूंवरचं एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारी कळ) शोधलं. साधारण ४३ अंशांच्या पुढची दाहक उष्णता ओळखणं हे त्याचं काम. मिरची नेमकी तीच कळ दाबते. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर 'तोंड भाजलं' म्हणतो ते काही उगाच नाही, शरीराला खरंच भाजल्यासारखं कळतं आणि रक्तवाहिन्या उघडतात. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. तुमच्या बाबतीत एकच कळ दोन्हीकडून दाबली जातेय, पोटातून मिरची आणि समोरून भट्टी. वर आपल्या परभणीचा मे महिना.

तरी मी तुम्हाला तिखट सोडा असं सरसकट सांगणार नाही. येसराची आमटी आणि काळं तिखट सोडून या भागात माणूस जगेल कसा? आणि प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट बाधतेच असंही नाही. एक वही करा. चार आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा: आज काय खाल्लं, किती वेळ भट्टीपुढे, ऊन किती, कोणाशी वाजलं का, आणि चेहरा कसा. 'वाजलं का' हे मुद्दाम लिहायला सांगतेय, मनस्तापानेही लाली चढते. चार आठवड्यांनी तुमचे दोन-तीन खरे वैरी समोर येतील, बाकीच्यांना उगाच वाळीत टाकायला नको. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे उष्णता पहिली असेल आणि मिरची नंतरची. चहाचंही तसंच. बाधतो तो बहुतेक वेळा चहाचा गरमपणा, चहापत्ती नव्हे. बशीत ओतून निवू द्या आणि मग घ्या.

भट्टीचं काय करायचं? धंदा सोडा असं सांगणारे भेटतील, त्यांना आधी तुमच्या घरचं रेशन भरायला सांगा. कढईवर ओणवं होऊन काम करायची सवय असते, ती मोडा. लांब दांड्याचा झारा घ्या आणि भट्टीच्या तोंडाशी न राहता वाऱ्याच्या बाजूला उभे राहा, म्हणजे झळ आणि धूर पलीकडे जाईल. मोठा पंखा भट्टीवर नको, विस्तव भडकेल. तो बाजूने, तुमच्या छाती-तोंडावर येईल असा लावा. पुऱ्यांचा घाणा सारखा एकट्याने काढू नका, दोन घाण्यांनंतर माणूस बदला आणि पाच मिनिटं सावलीत जा. मोठी फोडणी टाकताना पातेल्यावर तोंड दुसऱ्याचं असू द्या. तोंड तापायला लागलं की माठाचं गार पाणी घोट-घोट घ्या किंवा बर्फाचा छोटा खडा तोंडात धरा. बर्फ गालावर घासायचा नाही, ओला पंचा मानेवर टाकायचा. घाम टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी मऊ सुती कापडाने टिपायचा. यातलं निम्मं जरी पाळलंत तरी संध्याकाळी फरक कळेल.

चेहऱ्याला काय लावायचं, यापेक्षा काय लावायचं नाही याची यादी मोठी आहे. लिंबू, बेसन, मुलतानी माती, हळद, टूथपेस्ट, कडुनिंबाचा पाला, शेजारणीने सांगितलेलं आणखी काही, सगळं बंद. अंगाचा साबणही नको. फेस न होणारं सौम्य क्लिन्झर बोटांनी लावा, साध्या पाण्याने धुवा, चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. कटिंगच्या दुकानात तुमचा निम्मा घात होतो. दाढी झाल्यावर तुरटी, वर झोंबणारं लोशन, वर चोळून-चोळून मालिश. तिन्हींना नाही म्हणा, किंवा घरी मशीनने दाढी करा. गोपीचंदन लावू नका असं मी माळकऱ्याला सांगणार नाही, माझे वडीलही माळकरी होते. पण ती माती आहे, त्वचा कोरडी करते. बारीक टिळा कपाळाला पुरेसा आहे. नाक-गालांवर ओढू नका, आणि सुगंधी अष्टगंध त्याच्या जोडीला नको.

सनस्क्रीन मात्र रोज. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा पुढचं. 'बायकांचं क्रीम' म्हणून मुलं हसतील, हसू द्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर भरून रेघ ओढली तेवढं चेहरा-मानेला लागतं. चिमूटभर लावून काही होत नाही.

डोळ्यांची कचकच धुरावर ढकलू नका. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो: कोरडेपणा, पापण्यांची कड लाल, वरचेवर रांजणवाडी. कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या पापण्यांवर पाच मिनिटं, रोज दोनदा, मग पापण्यांची कड हलकेच पुसायची. (उष्णता टाळा म्हणणारी बाई शेकायला सांगतेय, असं वाटेल. फक्त पापण्यांवर, आणि कोमट.) उजेड सहन होईना, धूसर दिसू लागलं किंवा डोळा दुखायला लागला, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

वारीला जा. पहाटे चाल जास्त ठेवा, डोक्यावर टोपीपेक्षा छत्री बरी, सनस्क्रीन दर दोन तासांनी. आषाढातलं आभाळ भरलेलं असलं तरी त्यातून अतिनील किरणं येतातच. माझी खरी भीती वेगळी आहे. आचारी दिंडीत आला की दिंडीचा स्वयंपाक त्याच्याच गळ्यात पडतो. विणेकऱ्यांना आधीच सांगून ठेवा की यंदा मी चालणार, चूल दुसरा पेटवेल.

आता पाहुण्यांचं. माळेवर हात ठेवून शपथा घेऊ नका. ज्याने शंका घेतली तो शपथेवरही शंका घेतो. डॉक्टरांचा कागद दाखवत फिरायचीही गरज नाही. मध्यस्थाला एकदा गाठून सरळ सांगा: त्वचेचा आजार आहे, रोझेशिया म्हणतात, लागत नाही, औषध चालू आहे. तो पुढे सांगेल, तेच त्याचं काम. एवढं कळूनही ज्यांना तुमच्या नाकावरच अडायचं असेल, त्यांचं घर मुलीला किती मानवेल ते तिला आणि तिच्या आईला विचारून ठरवा. मुलीला हे सगळं माहीत आहे ना? नसेल तर पाहुण्यांच्या आधी तिला सांगा.

राहिली बुंदी. पाकाची तार तुमच्याइतकी कुणाला कळणार नाही, तेव्हा पाक तुम्हीच बघा, तिथे झळ कमी असते. पीठ किती सैल ठेवायचं तेही तुम्हीच सांगा. पण कढईवर झारा आपटायला पुतण्याला उभं करा, आणि त्याचा हात बसावा म्हणून या हंगामातल्या दोन-तीन लग्नांत आधी त्याच्याकडून पाडून घ्या. दवाखान्यात जाताना ती ट्यूब फेकून जाऊ नका. खोक्यासकट पिशवीत घाला, बीपीच्या गोळीचं पाकीट आणि वहीही सोबत घ्या.